भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

अमेरिकी सरकारकडे अर्ज केला की एक प्रशस्तिपत्र मिळतं. २ सप्टेंबर १९४५ ते २६ डिसेंबर १९९१ या काळात ज्याने सैन्यात किंवा केंद्र सरकारच्या मुलकी नोकरीत इमानेइतबारे काम केलं, त्याला ते मागता येतं. १९९८ या आर्थिक वर्षाच्या संरक्षणविषयक कायद्यात अमेरिकी काँग्रेसने त्याची तरतूद केली. सोबत पैसा नाही, पेन्शन नाही, छातीवर लावायला पदकही नाही. पदक मिळावं म्हणून माजी सैनिकांनी पुष्कळ खटपट केली, पण राष्ट्रीय पातळीवर ते मंजूर झालं नाही. मिळतो तो नुसता कागद. मात्र ज्या प्रश्नावर इतिहासकार आजही भांडतात, तो या कागदाने दोन तारखा छापून निकालात काढला आहे. शीतयुद्ध सुरू कधी झालं आणि संपलं कधी?

पहिली तारीख पाहा. २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात ‘मिसुरी’ या युद्धनौकेवर जपानने शरणागतीच्या कागदावर सही केली. त्याच कागदावर सोव्हिएत युनियनच्या वतीने जनरल कुझ्मा देरेव्यान्को यांचीही सही आहे. म्हणजे अमेरिकी कायद्याप्रमाणे ज्या दिवशी हे वैर सुरू झालं, त्या दिवशी दोन्ही वैरी एकाच टेबलाशी मित्र म्हणून उभे होते. दुसरी तारीख त्यापेक्षा बरी. २५ डिसेंबर १९९१ च्या संध्याकाळी गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला, क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला आणि दुसऱ्या दिवशी सोव्हिएत संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने आपलंच राज्य विसर्जित झाल्याचा ठराव केला. बाद फेरीतला एक संघ मैदानातच राहिला नाही, त्या दिवशी सामना संपला असं धरायचं.

बाकीच्यांच्या तारखा वेगळ्या आहेत. अनेक पाठ्यपुस्तकं ५ मार्च १९४६ पासून सुरुवात करतात. त्या दिवशी चर्चिल यांनी अमेरिकेतल्या फुल्टन गावी पोलादी पडद्याचं भाषण केलं आणि थोड्याच दिवसांत स्टालिनने ‘प्रावदा’तून त्यांना थेट हिटलरच्या पंक्तीला बसवलं. कुणी १२ मार्च १९४७ धरतात, कारण ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत देण्यासाठी ट्रुमन त्या दिवशी काँग्रेससमोर उभे राहिले. कुणी मागे १९१७ च्या रशियन क्रांतीपर्यंत जातात. नॉर्वेचे इतिहासकार ऑड आर्ने वेस्टाड यांनी आपल्या जागतिक इतिहासात हा धागा १८९० च्या दशकापर्यंत मागे नेला. शेवटाचीही तीच गत. डिसेंबर १९८९ मध्ये माल्टाला थोरले बुश आणि गोर्बाचेव्ह भेटले, तेव्हा शीतयुद्ध संपल्याची बातमी वर्तमानपत्रांनी एकदा देऊन टाकली होती. बर्लिनच्या माणसाला विचाराल तर तो भिंत उघडली ती ९ नोव्हेंबर १९८९ ची रात्र सांगेल. बुश यांनी जानेवारी १९९२ मध्ये, निवडणुकीच्या वर्षात, अमेरिका हे युद्ध जिंकली असं काँग्रेसला सांगितलं. गोर्बाचेव्ह शेवटपर्यंत म्हणत राहिले की ते दोघांनी मिळून संपवलं, त्यात हरलं कुणीच नाही. पुतिन यांनी २००५ मध्ये सोव्हिएत युनियनचं कोसळणं ही त्या शतकातली सर्वांत मोठी भूराजकीय आपत्ती ठरवली. लेवाडा केंद्र या जनमत चाचणी संस्थेने २०१८ च्या अखेरीस रशियनांना विचारलं, तेव्हा ६६ टक्के लोकांनी सोव्हिएत युनियन मोडल्याचं वाईट वाटतं असं सांगितलं.

आणि कोरियन माणसाला विचारलं तर? त्याला शेवटाची तारीखच नाही.

कोरियाची फाळणी १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये झाली. डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील हे दोन तरुण कर्नल ‘नॅशनल जिऑग्राफिक’चा नकाशा पुढ्यात घेऊन बसले आणि अर्ध्या तासात त्यांनी ३८ अंश अक्षांशाची रेघ सुचवली. रशियनांनी ती मान्य केली, याचं पुढे रस्क यांनाच नवल वाटलं. पाच वर्षांनी त्या रेघेवरून युद्ध पेटलं आणि त्यात लाखो माणसं मेली. २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला. शांतता करार मात्र आजतागायत झालेला नाही.

या कोरियन प्रकरणात एक मराठी माणूस अगदी मधोमध उभा होता. युद्धविराम अडला होता तो कैद्यांवरून. साडेबावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी आपल्या देशात परत जायचं नाही म्हणत होते. ते खरंच मनाने म्हणत होते, की छावणीतल्या दादागिरीने त्यांच्याकडून म्हणवून घेतलं जात होतं, हे कोण ठरवणार? दोन्ही बाजूंना चालेल असा पंच म्हणून भारताला बोलावण्यात आलं. पाच तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा ज्या भारतीय फौजेकडे होता, तिचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतावर इतका राग की आपल्या भूमीला भारतीय जवानाचा पाय लागता कामा नये, अशी त्यांची अट होती. म्हणून इंचॉन बंदरात आलेली ही फौज अमेरिकी हेलिकॉप्टरांतून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडावी लागली. तिथे तंबूंचं गाव वसलं, त्याचं नाव हिंद नगर.

तिथल्या कामाची पद्धत साधी होती आणि विचित्रही. कैद्याला एका तंबूत आणायचं. समोर त्याच्याच देशाचे अधिकारी बसलेले, ते त्याला समजावणार की बाबा, परत चल. तंबूला बाहेर पडायला दोन दारं. एकातून गेला तर घरी, दुसऱ्यातून गेला तर छावणीत परत. ज्याचा निकाल लावण्यासाठी दोन बाजू तीन वर्षं लढल्या, तो विचारसरणीचा वाद इथे एका माणसाच्या चार पावलांवर येऊन ठेपला होता. बहुतेकांवर तंबूत यायची वेळच आली नाही. हे समजावणं नव्वद दिवस चालायचं ठरलं होतं, पण भांडणांपायी त्यातले फार थोडे दिवस कामी आले. अखेरीस काही कैदी म्हणाले की आम्हाला इकडेही नको आणि तिकडेही नको. असे ८८ जण फेब्रुवारी १९५४ मध्ये भारतीय फौजेबरोबर जहाजाने इकडे आले. पुढे बरेच जण ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही भारतातच राहिले. शीतयुद्धातले खरे अलिप्ततावादी कोण, असं मला कुणी विचारलं तर बांडुंगच्या परिषदेतल्या पुढाऱ्यांच्या आधी मी या ८८ जणांकडे बोट दाखवीन.

तारखांचा घोळ इतपत समजण्यासारखा आहे. ज्याच्या दारात जे घडलं, तिथून तो मोजायला लागतो. आठवणींचा घोळ त्याहून मोठा आहे आणि त्याचं कारणही वेगळं आहे. या काळातल्या लोकांना भीती खूप होती आणि धोकाही खरोखरच खूप होता, पण दोन्हींची वेळ क्वचितच जुळली. लोक घाबरले तेव्हाचा धोका त्यांनी ऐकला होता तसा नव्हता, आणि धोका खरोखर दाराशी आला तेव्हा लोक झोपेत होते.

१९६२ चं क्यूबाचं संकट घ्या. ऑक्टोबर महिन्यातल्या त्या तेरा दिवसांतला शेवटचा आठवडा जगाने जागेपणी काढला. आठवण पक्की बसली ती अध्यक्ष केनेडी यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांच्या ‘थर्टीन डेज’ या पुस्तकामुळे. ते त्यांच्या खुनानंतर, १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. तरुण अध्यक्ष ठाम राहिला आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्यूबात ठेवलेली क्षेपणास्त्रं काढून घेतली, असं त्याचं सार. वीस वर्षं शाळा-कॉलेजांतून हेच शिकवलं गेलं. १९८९ मध्ये मॉस्कोत एक परिषद भरली. अध्यक्ष केनेडींचे भाषणलेखक आणि त्या पुस्तकाचे संपादक टेड सोरेन्सन यांनी तिथे कबूल केलं की रॉबर्ट केनेडींच्या रोजनिशीतला एक भाग आपण गाळला होता. गाळलेला भाग सौद्याचा होता. तुर्कस्तानात रशियाच्या उंबरठ्यावर ठेवलेली अमेरिकी ‘ज्युपिटर’ क्षेपणास्त्रं आम्ही काढून घेऊ, पण याची वाच्यता करू नका, असं २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना सांगितलं होतं. देवाणघेवाण झाली होती. पाठ्यपुस्तकात फक्त ठामपणा उरला होता.

जानेवारी १९९२ मध्ये हवानात दुसरी परिषद झाली. तिथे सोव्हिएत जनरल अनातोली ग्रिब्कोव्ह यांनी सांगितलं की त्या ऑक्टोबरात क्यूबात सुमारे ४२ हजार सोव्हिएत सैनिक होते आणि चढाई करून येणाऱ्या सैन्यावर डागता येतील अशी छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रंही होती. त्या वेळी अमेरिकी हेरखात्याचा अंदाज दहा हजारांच्या आसपास होता. त्या काळचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा हे ऐकत समोर बसले होते. १९६२ मध्ये त्यांचे सेनापती क्यूबावर स्वारी करायला आग्रहाने सांगत होते. ती झाली असती, तर किनाऱ्यावर उतरणाऱ्या अमेरिकी जवानांवर कदाचित अणुस्फोट झाले असते. हे त्यांना तीस वर्षांनी कळत होतं.

त्यानंतर दहा वर्षांनी, २००२ मध्ये, पुन्हा हवानातच बी-५९ पाणबुडीची हकिकत सगळ्यांपुढे आली. २७ ऑक्टोबर १९६२ ला ही पाणबुडी अमेरिकी विनाशिकांनी घेरली होती आणि तिला वर यायला लावण्यासाठी सरावाचे छोटे स्फोटगोळे टाकले जात होते. पाणबुडी उत्तरेच्या थंड समुद्रासाठी बांधलेली, ती आली कॅरिबियनमध्ये. आत ४५ अंशांच्या वर उष्णता, बॅटऱ्या उतरलेल्या आणि मॉस्कोशी संपर्क तुटलेला. एका टॉर्पेडोला अणुबॉम्ब बसवलेला होता आणि अमेरिकनांना त्याची कल्पना नव्हती. वर युद्ध सुरू झालं की काय, या विचाराने कप्तान सावित्स्की तो टॉर्पेडो तयार करायला सांगू लागले. त्यांना शांत करणाऱ्यांत होते पाणबुडीवरचेच अधिकारी वासिली अर्खिपोव्ह. त्या खोलीत नेमकं कोण काय बोललं, यावर पाणबुडीतल्याच लोकांत एकमत नाही, म्हणून सिनेमासारखे संवाद लिहिणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. पण टॉर्पेडो सुटला नाही आणि पाणबुडी वर आली, हे खरं. अर्खिपोव्ह १९९८ मध्ये वारले, म्हणजे जगाला त्यांचं नाव कळण्याच्या चार वर्षं आधी.

१९६२ मध्ये निदान जग जागं तरी होतं. १९८३ मध्ये तेही नव्हतं. १ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने दक्षिण कोरियाचं एक प्रवासी विमान पाडलं, त्यात २६९ माणसं गेली. त्यानंतर चौथ्या आठवड्यात, २६ सप्टेंबरला मध्यरात्र उलटल्यावर, मॉस्कोच्या दक्षिणेला असलेल्या सेर्पुखोव्ह-१५ या गुप्त तळावर भोंगा वाजला. पडद्यावर लाल अक्षरं लकाकली. अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटलं होतं. मग दुसरं, तिसरं, असं करत पाच. ड्यूटीवर होते ४४ वर्षांचे लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह. यंत्रणा नवीन होती आणि तिच्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. शिवाय त्यांनी साधा हिशेब केला. अमेरिकेला युद्ध करायचंच असेल तर ती पाच क्षेपणास्त्रांनी कशाला सुरुवात करील? जमिनीवरच्या रडारवर तर काहीच दिसत नव्हतं. एका हातात फोन आणि दुसऱ्यात इंटरकॉम धरून त्यांनी वर कळवलं की इशारा खोटा आहे. ते बरोबर ठरले. उंच ढगांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रहांनी क्षेपणास्त्राचा जाळ समजलं होतं.

पुढची गोष्ट कुठल्याही सरकारी कचेरीत शोभावी अशी आहे. चौकशीत पेत्रोव्ह यांच्यावर ठपका आला, कारण त्यांनी त्या वेळात नोंदवही भरली नव्हती. तिसरा हात नव्हता म्हणून, असं ते पुढे सांगायचे. ही घटना सार्वजनिक झाली १९९० च्या दशकात. मग पुरस्कार आले आणि २०१४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला. जग वाचवणारा माणूस म्हणून ते आता पोस्टरवर असतात. इथे थोडं सावध राहायला हवं. पेत्रोव्ह यांच्या हाताखाली अण्वस्त्रांचं बटण नव्हतं. त्यांच्या वर आणखी बरेच अधिकारी होते आणि त्यांचा अहवाल ही त्या साखळीतली एक कडी होती. एका माणसाला सगळं श्रेय दिलं की बाकीची साखळी डोळ्यांआड जाते. ती साखळी आजही आहे, तीच जास्त पाहण्यासारखी आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात नाटोने ‘एबल आर्चर’ नावाचा सराव केला. अण्वस्त्रं डागण्याची परवानगी कशी मिळवायची याची ती रंगीत तालीम होती आणि सोव्हिएत हेरखात्यातल्या काहींना ती खरी तयारी वाटली. या प्रसंगाचा अमेरिकी सरकारने करवून घेतलेला गुप्त अहवाल १९९० चा आहे, तो लोकांना वाचायला मिळाला २०१५ मध्ये. मग १९८३ च्या सामान्य अमेरिकी माणसाला काय आठवतं? ‘द डे आफ्टर’. २० नोव्हेंबरला एबीसी वाहिनीवर हा चित्रपट लागला आणि सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावाच्या परिसरात अणुबॉम्ब पडल्यावर काय होईल, हे त्यात दाखवलं होतं. रेगन यांनी तो महिनाभर आधीच पाहिला होता आणि मन फार खिन्न झाल्याची नोंद रोजनिशीत केली होती. म्हणजे दहा कोटी लोक काल्पनिक स्फोट पाहून हादरले. दोन आठवड्यांपूर्वी खरोखर काय होऊ शकलं असतं, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

ज्या काळाची मुख्य घटना म्हणजे न झालेलं युद्ध, त्याचं स्मारक कसं उभारायचं? ही अडचण अमेरिका आणि युरोप दोघांनाही आली. त्यातून एक पर्यटन उभं राहिलं. बर्लिनच्या चेकपॉइंट चार्लीवर आज दिसते ती चौकी नकली आहे. तिच्यापुढे सैनिकाचा वेष करून पर्यटकांबरोबर पैसे घेऊन फोटो काढणाऱ्या नटांना २०१९ मध्ये बंदी करावी लागली. बर्लिनची भिंत ओलांडताना किंवा भिंतीपायी निदान १४० माणसं मेली. त्यांचं स्मारक पाहायचं तर बेर्नाउअर रस्त्यावर जावं लागतं, आणि तिथे फोटोची एवढी धांदल नसते.

अमेरिकेच्या साउथ डकोटात मिनिटमन क्षेपणास्त्रांचं एक केंद्र राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलं आहे. जमिनीखालच्या खोलीत दोन अधिकारी चोवीस तासांची पाळी करायचे. खोलीच्या जाडजूड पोलादी दारावर त्यांच्यातल्याच कुणीतरी डोमिनोजच्या पिझ्झाचा खोका रंगवून ठेवला आहे आणि त्यावर जाहिरातीची थट्टा आहे. जगात कुठेही अर्ध्या तासात पोहोचवू, नाही जमलं तर पुढचा फुकट. क्षेपणास्त्राला रशियात पोहोचायला साधारण तेवढाच वेळ लागायचा. प्रत्येकाच्या टोकावरचा बॉम्ब हिरोशिमाच्या ऐंशीपट होता. शीतयुद्ध माणसांनी मनाच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवून रोजची कामं केली, हे या दाराइतकं मला दुसऱ्या कुठल्या संग्रहालयाने सांगितलेलं नाही. पर्यटकांना तिथे एक गोष्ट सहज विसरता येते. हे केंद्र बंद झालं, पण मिनिटमन जातीची सुमारे ४०० क्षेपणास्त्रं शेजारच्या राज्यांत आजही जमिनीत तयार उभी आहेत.

काही ठिकाणी बॉम्ब पडलेच. शत्रूवर टाकले नव्हते, चाचणीसाठी होते. मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुस्फोट केले. १ मार्च १९५४ चा ‘ब्राव्हो’ स्फोट अपेक्षेच्या अडीचपट निघाला. राँगेलाप बेटावर पांढरी राख पडली आणि मुलं तिच्यात खेळली. जवळून जाणाऱ्या ‘भाग्यशाली ड्रॅगन’ या जपानी मासेमारी नौकेवरचे २३ जण भाजले, त्यांतला रेडिओचालक सप्टेंबरात मेला. नेहरूंनी २ एप्रिल १९५४ ला लोकसभेत चाचण्या थांबवण्याचा जो प्रस्ताव मांडला, त्याचं तात्कालिक कारण हे. कझाकस्तानात सेमिपालातिन्स्कला रशियनांनी १९४९ ते १९८९ दरम्यान ४५६ चाचण्या केल्या आणि भोवतालच्या खेड्यांना काही सांगितलं नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये कवी ओल्झास सुलेमेनोव्ह टीव्हीवर कविता वाचायला गेले आणि कविता बाजूला ठेवून त्यांनी या चाचण्यांविरुद्ध निवेदन वाचलं. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनामुळे २९ ऑगस्ट १९९१ ला ते केंद्र बंद झालं. या लोकांसाठी धोका आधी आला आणि भीती वीस-तीस वर्षांनी, डॉक्टरी तपासण्यांच्या कागदांतून.

आता महाराष्ट्र. इथे अणुबॉम्बचा भोंगा वाजला नाही, शाळेत पोरांना बाकाखाली लपायला कुणी शिकवलं नाही. तरी शीतयुद्ध घराघरांत आलं होतं. पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने उभी राहिली. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशिया पाहून आले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. रशियन पुस्तकं मराठीत स्वस्तात मिळायची. रेशनच्या दुकानात अमेरिकेचा लाल गहू आणि मिलो ज्वारी यायची. त्या भाकरीला चव नव्हती हे आजही वयस्कर माणसं तोंड वाकडं करून सांगतात. तो गहू कुठल्या कायद्याखाली आला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं, आणि त्या थोड्यांनाही तो आठवतो गाजर गवतामुळे.

पीएल-४८० च्या गव्हाबरोबर काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत, आलं, हे वाक्य महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. अंगाला खाज आणणारी, जनावर तोंड लावत नाही अशी ही वनस्पती पुण्यात नोंदली गेली १९५५ च्या सुमारास. अमेरिकेशी पीएल-४८० या कायद्याखालचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. तारखा उलट्या पडतात! १९५१ च्या अन्नटंचाईतही अमेरिकी गहू आला होता, तेव्हा बी त्यातून आलं असू शकतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या वनस्पतींच्या याद्यांतही या झाडाचा उल्लेख अभ्यासकांनी दाखवला आहे. म्हणजे लोकांची आठवण कायद्याच्या बाबतीत चुकते. परक्याचं धान्य खावं लागल्याची सल मात्र ती बरोबर धरून ठेवते.

आणि स्कायलॅब. १९७९ च्या जुलैत महाराष्ट्रातल्या खेडोपाडी एकच विषय होता. अमेरिकेने अंतराळस्पर्धेच्या काळात, १९७३ मध्ये, वर पाठवलेली ७७ टनांची प्रयोगशाळा खाली येत होती आणि ती कुठे पडणार हे नासालाही ठाऊक नव्हतं. जगातल्या कुणा ना कुणा माणसाला तुकडा लागण्याची शक्यता १५२ मध्ये एक, असं नासाच सांगत होती. आता जग बुडणार म्हणून कोंबड्या-बकऱ्या कापून खाल्ल्या, साठवलेला पैसा उडवला, मुलांना घराबाहेर सोडलं नाही, अशा आठवणी आजही हसत सांगितल्या जातात. ११ जुलैला स्कायलॅब हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात विखरून पडली, माणूस कुणी दगावला नाही. कचरा टाकल्याबद्दल तिथल्या एस्परन्स गावाने नासाला थट्टेने ४०० डॉलर दंड ठोठावला.

त्या आठवणींना हसू नये असं मला वाटतं. दीड वर्ष आधी, जानेवारी १९७८ मध्ये, ‘कॉसमॉस ९५४’ हा सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात पडला होता आणि त्याच्यात युरेनियमची अणुभट्टी होती. किरणोत्सारी तुकडे बर्फात शेकडो किलोमीटर पसरले. आकाशातून खरंच काहीतरी पडत होतं. कोंबडी कापणारा शेतकरी फक्त उपग्रह चुकला.

दुसरा धोका त्याच्याहून जवळ होता. चीनच्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला १९६५ मध्ये अमेरिकी हेरखातं आणि भारतीय गुप्तचर खातं यांनी मिळून गिर्यारोहकांकरवी नंदादेवीवर एक यंत्र चढवायला घेतलं. त्याला वीज द्यायला प्लुटोनियमचं जनित्र होतं. हवा बिघडली, म्हणून जनित्र शिखराखाली बांधून लोक उतरले. पुढच्या वर्षी गेले तर ते जागेवर नव्हतं. नंदादेवीचं बर्फ ऋषिगंगेतून वाहत गंगेला मिळतं. भारतीयांना हे कळलं १९७८ च्या एप्रिलमध्ये. एका अमेरिकी मासिकाने बातमी फोडली आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंना संसदेत निवेदन करावं लागलं. जनित्र अजून सापडलेलं नाही. नंदादेवी आणि स्कायलॅब या सव्वा वर्षाच्या अंतराने आलेल्या दोन बातम्यांपैकी महाराष्ट्राने कोणती लक्षात ठेवली, हे कुठल्याही पारावर विचारून पाहा.

अमेरिकेत आणि जर्मनीत अशा आठवणी टेपवर नोंदवून ठेवल्या गेल्या. आपल्याकडे स्कायलॅबचे ते दिवस, मिलोची भाकरी, रशियन पुस्तकांची दुकानं यांची रीतसर नोंद फार तुटपुंजी आहे, आणि १९७९ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आता साठीच्या घरात आलं आहे. घरात असं कुणी असेल तर त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. गाव कोणतं, बातमी कुणी आणली, रेडिओवर ऐकली की बाजारात, घरातल्या मोठ्या माणसांनी काय केलं. वर्ष चुकीचं सांगितलं तर दुरुस्त करू नका, तसंच लिहा आणि बाजूला खरी तारीख टाका.